तोपर्यंत



आपल्या भाषेतल्या एका साध्या शब्दाबद्दल आज बोलायचं आहे, आणि त्याच्या निमित्तानं मोटारगाडीच्या वायरिंगबद्दल. शब्द आहे ‘तोपर्यंत’. सोलापूरकरांना हा शब्द काही नवा नाही. गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा ‘मिल पुन्हा सुरू होईल, तोपर्यंत कुठंतरी काम बघा’ असं ऐकत इथल्या कितीतरी घरांतली माणसं म्हातारी झाली. किराणा दुकानदार उधारीला वापरतो, पाणीवाला टँकरला वापरतो. मोटार कंपन्याही तो वापरतात आणि फार सभ्यपणे वापरतात, हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं.

सप्टेंबर २०२१ मधली गोष्ट. मारुती सुझुकीनं पेट्रोलवर चालणाऱ्या आपल्या काही गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल-सिक्स अशी नावं त्या यादीत होती. एकूण गाड्या १ लाख ८१ हजार ७५४. मे २०१८ ते ऑक्टोबर २०२० या काळात तयार झालेल्या. त्यांतल्या ‘मोटर जनरेटर युनिट’ या विजेच्या भागात दोष असण्याची शक्यता होती. कंपनीनं आपणहून सांगितलं, भाग फुकट बदलून देऊ म्हणाली. इथपर्यंत सगळं चांगलं. पण भाग बदलण्याचं काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होणार होतं, आणि तोपर्यंत? तोपर्यंत ग्राहकांनी पाणी साचलेल्या रस्त्यानं गाडी नेऊ नये आणि गाडीतल्या विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये.

आता पाहा, सूचना निघाली सप्टेंबरच्या सुरुवातीला. सोलापुरात वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. मुंबईकर जुलैत छत्री उघडतो, आमची खरी भिस्त परतीच्या पावसावर. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला आलेला पूर अजून कुणी विसरलेलं नाही. पाणी साचलेला रस्ता टाळायचा म्हणजे त्या महिन्यात काही भागांतल्या माणसानं घरच सोडायचं नाही. सूचना चुकीची होती असं मी म्हणत नाही. ती खरी होती, म्हणून तर काळजीची होती. आणि याच मोटर जनरेटर युनिटसाठी त्याच कंपनीनं २०१९ च्या डिसेंबरात ६३ हजार ४९३ गाड्या एकदा बोलावल्या होत्या. म्हणजे हा भाग कटकट्या आहे, हे कारखान्याला पाठ झालेलं होतं.

विजेचा दोष हा गाडीतला सगळ्यात लबाड दोष. टायर पंक्चर झाला की दिसतो, ब्रेक कमी लागायला लागले की पायाला कळतं. वायर मात्र आतल्या आत झिजते. ती झिजते कशी, हे मला अक्कलकोट रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं समजावलं. त्याला सगळे अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, दुकानात मराठी, आणि माझ्यासारखा कुणी आला की दखनी, अशी त्याची तिन्ही भाषांत वायरिंग केलेली आहे.

अण्णानं बॉनेट उघडून काळ्या नळीतला एक जुडगा दाखवला. या जुडग्याला कारखान्यात हार्नेस किंवा लूम म्हणतात. लूम हा शब्द ऐकून मला गंमत वाटली. आमच्या गावात लूम म्हटलं की चादर आणि टॉवेल, आणि इथं तो वायरींचा पेंडका. हा पेंडका क्लिपांनी बांधून बसवलेला असतो. एखादी क्लिप चुकीच्या जागी बसली किंवा सुटली, की इंजिनच्या प्रत्येक थरथरीबरोबर वायर शेजारच्या पत्र्याच्या कडेला घासत राहते. वरचं प्लॅस्टिक खरवडलं जातं, तांबं उघडं पडतं. गाडीचा सगळा सांगाडा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे उघडं तांबं पत्र्याला लागलं की शॉर्ट. त्या क्षणी बॅटरी आपल्यात होती नव्हती ती सगळी ताकद त्या एका जागी ओतते.

“मग फ्यूज कशाला आहे?” मी विचारलं.

“फ्यूज चौकीदार आहे भाई,” अण्णा म्हणाला. “पण तो फक्त गर्दी मोजतो. जादा करंट आला तर दार बंद करतो. सांधा ढिला असेल तर करंट जादा होतच नाही, तेवढाच राहतो, आणि सांधा आतल्या आत तापत बसतो. चौकीदाराला पत्ताच नाही.”

हे मला नवीन होतं. फ्यूज शाबूत आहे म्हणजे सगळं ठीक आहे, ही आपली समजूत अर्धीच खरी. आणि आमच्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढं जाऊन बसतो, त्यात इंजिनची उष्णता. वर्षानुवर्षं असं भाजून निघालेलं प्लॅस्टिक कडक होतं, वाकवलं की तडकतं.

अण्णानं दुसरी बाजूही सांगितली, तीही सांगायला हवी. लोक स्वस्तातले जादा दिवे, मोठे हॉर्न, गाणी वाजवायचे डबे बाहेरून बसवून घेतात. बसवणारा मूळ वायर मधेच सोलतो आणि वर टेप गुंडाळतो. फ्यूज गेला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी भरून गाडी चालवणारे महाभागही आहेत. उंदीर तर फुकटचे गिऱ्हाईक आणून देतात. त्यामुळे गाडीला आग लागली की कंपनी म्हणते, ‘बाहेरून काही बसवलं असेल’. हे कधीकधी खरं असतं. अडचण अशी की, हे उत्तर कंपनीला नेहमीच सोयीचं असतं.

नॅनोची आठवण इथं येतेच. २००९ च्या मार्चमध्ये मुंबईत तिचा थाटात आरंभ झाला. स्कूटरवर नवरा-बायको आणि दोन मुलं पावसात जाताना पाहून रतन टाटांना ती सुचली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी वाचली आहे. आमच्या पेठांमधून अशी स्कूटरवरची चौकडी रोज जाते, म्हणून ती गाडी आम्हाला आपली वाटली. त्याच वर्षी काही नॅनोंमधून धूर निघाल्याच्या बातम्या आल्या. स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये शॉर्ट झालं, असं कारण पुढं आलं. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेत असतानाच एक नवीकोरी नॅनो पेटली. आतली माणसं वाचली, गाडीचा कोळसा झाला. त्यानंतर आणखी काही घटना झाल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीनं जाहीर केलं की रस्त्यावरच्या साधारण सत्तर हजार नॅनोंना एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेत जादा संरक्षण फुकट बसवून देऊ. मात्र हे परत बोलावणं नव्हे, गाडीच्या रचनेत दोष नाही, असंही बजावलं.

मी कवितेचा माणूस. कंपनीचा ताळेबंद मला कळत नाही, पण शब्द कुठं चाचरतो ते कळतं. सत्तर हजार गाड्यांत काहीतरी नवं बसवायचं, तेही आगीच्या बातम्यांनंतर, आणि त्याला काय म्हणायचं नाही हे आधी ठरवायचं! आपल्याकडे परत बोलावलेली गाडी म्हणजे फसलेली गाडी, असं गिऱ्हाईक धरून चालतं, हे कंपनीला ठाऊक होतं. या भीतीत आपलाही वाटा आहे. पण शब्द टाळून काही वाचलं का? त्याच नोव्हेंबरात देशभरात मिळून फक्त ५०९ नॅनो विकल्या गेल्या. आणि ‘परत या’ असं स्पष्ट न ऐकलेला माणूस कशाला परत जाईल? तो म्हणणार, दोष नाहीच म्हणतात ना, मग दिवाळी झाल्यावर बघू. तोपर्यंत चालू दे. पुढं नॅनोचं उत्पादनच थांबलं.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत जनरल मोटर्सनं २०१४ साली शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांच्या मिळून साधारण २६ लाख गाड्या परत बोलावल्या. दोष किल्लीच्या स्विचमध्ये होता. धक्का बसला किंवा किल्लीवर वजन आलं की चालत्या गाडीत किल्ली आपोआप मागं फिरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही बंद. कंपनीतल्या काही इंजिनिअरांना हे दहाएक वर्षं आधीपासून माहीत होतं. मधे कुणीतरी स्विच गुपचूप सुधारला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. जुना दोषी आणि नवा निर्दोष, दोघांचं नाव एकच. शोधणाऱ्यांना पत्ता लागेना. कंपनीनं नेमलेल्या भरपाई निधीनं शेवटी १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि २०१५ मध्ये सरकारी खटला मिटवायला ९० कोटी डॉलर मोजावे लागले.

पण मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. एवढ्या गाड्यांसाठी नवे स्विच तयार करायलाच कित्येक महिने लागणार होते. तोपर्यंत लोकांनी काय करायचं? किल्लीला दुसरी किल्ली, छल्ला, काहीही अडकवायचं नाही. वजन नको. आमच्याकडे गाडीच्या किल्लीला कुणाची तुळजाभवानी असते, कुणाचे सिद्धरामेश्वर, कुणाचं ७८६. माणूस गाडी भरवशावर चालवतो आणि तो भरवसा किल्लीलाच लटकवतो. तोच काढून ठेवा म्हणायचं!

याच कंपनीच्या बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या बॅटऱ्या पेटू लागल्या तेव्हा, २०२१ मध्ये, मालकांना सांगितलं गेलं की गाडी दुसऱ्या गाडीपासून पन्नास फूट लांब उभी करा. बेगम पेठेतल्या आमच्या बोळात दोन घरांमध्ये पन्नास फूट निघत नाहीत. आता विजेच्या गाड्या आपल्याकडेही झपाट्यानं येत आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यात ओलाची स्कूटर पेटली, नाशिकमध्ये कंटेनरमधल्या वीस स्कूटर एकदम पेटल्या, हे आपण पाहिलेलं आहे. त्यानंतर ओलानं १ हजार ४४१ स्कूटर परत बोलावल्या. हा प्रश्न संपत चाललेला नाही, वाढत चालला आहे.

घरचा अनुभव थोडक्यात सांगतो. माझा भाचा गाडी भाड्यानं चालवतो. गावोगावचे पेशंट सोलापूरच्या दवाखान्यांत आणायचे, परत सोडायचे. गाडी त्यानं जुनी घेतली, तिसऱ्या हाताची, पुणे पासिंगची. दोन वर्षांपूर्वी लातूरहून एक निकाह उरकून आम्ही रात्री परत येत होतो. तुळजापूर सोडलं होतं, तामलवाडी यायची होती. एकाएकी डॅशबोर्ड विझला, आणि पाठोपाठ हेडलाइट. “मामू, लाइटां गए!” एवढंच तो बोलला. मागं माझी मोठी बहीण होती, तिच्या मांडीवर नात झोपलेली. समोरून ट्रक येत होता, त्याच्याच उजेडात पोरानं गाडी कडेला घेतली. मग दिवे आपोआप पुन्हा लागले, जसं काही झालंच नव्हतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर टाकल्यावर संगणकानं सांगितलं की या गाडीचं वायरिंगचं एक काम बाकी आहे. कंपनीनं या गाड्या परत बोलावल्या होत्या. पत्र गेलं होतं पुण्याच्या पहिल्या मालकाला. त्यानं गाडी कधीच विकलेली, पत्राचं त्यानं काय केलं असेल ते आपण समजू शकतो. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, “पार्ट मागवावा लागेल सर. आला की फोन करू. तोपर्यंत रात्रीची गाडी काढू नका.”

पेशंट काय दिवसा उजेडीच आजारी पडतो? आणि हप्ता भरायची तारीख कंपनीच्या पार्टसाठी थांबते का? भाचा गाडी काढत राहिला. अण्णानं तात्पुरती पट्टी मारून दिली, वर बजावलं की ही मलमपट्टी आहे, ऑपरेशन नव्हे. आपा रोज रात्री तो परत येईपर्यंत जागी राहायची. सकाळी कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं एक टिंब करायची. टिंबं एकशे चार झाली तेव्हा फोन आला. काम फुकट झालं, नीट झालं, चाळीस मिनिटांत झालं.

मग या एकशे चार दिवसांचा जबाबदार कोण? हे मी कायद्यात शोधायला गेलो. कायदा आहे, आणि वाईट नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम ११० अ आलं. ज्या दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल, अशी वाहनं परत बोलवायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. दोष दुरुस्त करा, गाडी बदलून द्या किंवा पैसे परत द्या, असं सरकार सांगू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड ठेवला गेला. कंपनीनं आपणहून दोष कळवला तर दंडातून सूट आहे, हेही शहाणपणाचं आहे. त्याआधी २०१२ पासून कारखानदारांच्या संघटनेची आचारसंहिता होती, तीही ऐच्छिक.

पण नियमात एक अट आहे. सक्तीनं परत बोलावण्याची ही तरतूद सात वर्षांच्या आतल्या गाडीपुरती आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला सात वर्षं पुरेशी वाटतील. तो पाच-सहा वर्षं गाडी वापरतो आणि विकतो. ती मग सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट, पुढं विजापूर-गुलबर्ग्याकडे येते. आमच्याकडे गाडीचं खरं आयुष्य सातव्या वर्षानंतर सुरू होतं. तेव्हा तिच्यात जास्त माणसं बसतात, ती जास्त खराब रस्त्यावर धावते, आणि ज्या वयात वायर तडकायला लागते, नेमक्या त्याच वयात कायदा तिचा हात सोडतो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. माझ्या भाच्यानं सात रस्त्याला सिग्नल तोडला, तर चलन त्याच्या मोबाइलवर येतं. ते पुण्याच्या पहिल्या मालकाला जात नाही. म्हणजे गाडी आज कुणाच्या नावावर आहे, त्याचा फोन नंबर कोणता, हे सरकारच्या ‘वाहन’ या यंत्रणेला बरोबर ठाऊक आहे. दंड वसूल करायला जी वाट सापडते, तीच वाट गाडी पेटू शकते हे सांगायला वापरता येईल. नाव हस्तांतर करताना, फिटनेस करताना, विमा उतरवताना ‘या गाडीचं परत बोलावल्याचं काम बाकी आहे’ अशी एक ओळ कागदावर छापून आली तर कुणाचं काय बिघडणार आहे? आणि ती ओळ मराठीत यावी. भाच्याच्या गाडीचं मूळ पत्र मी नंतर पाहिलं. इंग्रजीत होतं, आणि त्यात धोका हा शब्द शोधायला मलाच चष्मा दोनदा पुसावा लागला.

कंपन्यांबद्दल माझी तक्रार दोष निघाल्याची नाही. हजारो भागांच्या यंत्रात एखादा भाग चुकणारच. आपल्या चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही सातशे गाडीचं उदाहरण घ्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं १ लाख ८ हजार ३०६ गाड्या इंजिनजवळच्या वायरिंगची तपासणी करायला बोलावल्या. वायरींचा पेंडका घासून कापला जाण्याचा धोका आहे, असं स्पष्ट सांगितलं. अण्णानं मला बॉनेट उघडून दाखवलेला दोष तो हाच. अशी घोषणा करणाऱ्या कारखान्याला मी कमी लेखणार नाही. मला एवढंच हवं आहे की घोषणेबरोबर तारीखही यावी. तुमच्या गावात भाग कधी पोचेल, आणि नाही पोचला तर रोजीरोटीवर असलेल्या माणसाला तेवढ्या दिवसांसाठी दुसरी गाडी किंवा भाडं कोण देणार, हे लिहून यावं.

तसं होईल तेव्हा होईल. आज तुम्हाला करता येण्यासारखं एक काम आहे. तुमची गाडी नवी असो की चौथ्या हाताची, आरसी बुकावर चेसिस नंबर असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की बाकी काम दिसतं. ते जमत नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन तपासून घ्या, पैसे पडत नाहीत. काम बाकी निघालं आणि ‘पार्ट नाही’ असं उत्तर आलं, तर तोंडी उत्तरावर परतू नका. जॉब कार्डवर तारखेसह लिहून मागा. पुढं ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन करायचा झाला किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं, तर तोच कागद उपयोगी पडतो. जुनी गाडी घेणार असाल तर बयाणा देण्याआधी हे करा.

चेसिस नंबर सतरा अक्षरी असतो. त्यात इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरं कधीच नसतात, तसं दिसलं तर ते एक आणि शून्य समजावं. माझ्या भाच्यानं पहिल्यांदा तिथंच गल्लत केली होती आणि संगणक म्हणत होता, अशी गाडीच अस्तित्वात नाही.